वारशाची यादी

संग्रहालयात जाणारा मनुष्य तेथील वस्तू पाहतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः वस्तूंकडे दृष्टी जाण्यापूर्वीच त्याने नकळत एक निवड केलेली असते. समोर मांडलेल्या कथेत आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हे त्याने मनाशी ठरवून टाकलेले असते. वयाची साठी गाठेपर्यंत मला या निवडीची जाणीव झाली नव्हती. ती प्रथम झाली परदेशात, आणि तिचा खरा अर्थ उमगला कोकणात. त्या दोन भेटींविषयी, आणि त्यांतून आमच्या घरात उभ्या राहिलेल्या एका अडचणीच्या प्रश्नाविषयी, येथे लिहावे असे मनात आहे.

सन २०१९ मध्ये मी राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी मुलीकडे अमेरिकेस गेलो. तेथील वास्तव्यात टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरी जाण्याचा योग आला. ज्या लॉरेन मोटेलच्या सज्जात ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्याच वास्तूत १९९१ पासून तेथील नागरी हक्क चळवळीचे राष्ट्रीय संग्रहालय उभे आहे. ३०६ क्रमांकाच्या ज्या खोलीबाहेर ते कोसळले, त्या खोलीपाशी माणसे आपोआप हलक्या आवाजात बोलू लागतात.

परंतु माझ्या मनात रुतून राहिली ती तेथील एक बस. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या कृष्णवर्णी महिलेने गोऱ्या उतारूसाठी आपली जागा सोडण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली, आणि पुढे ३८१ दिवस त्या शहरातील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. कामावर जाणाऱ्या मोलकरणी, गवंडी आणि हमाल वर्षभर पायी चालले. संग्रहालयात तशा बसची प्रतिकृती आहे. तीत चढता येते. आत रोझा पार्क्स यांचा पुतळा बसलेला आहे, आणि जागा सोडा असे दरडावणारा चालकाचा आवाज ऐकू येतो.

मी त्या बसमध्ये चढलो आणि काही एक विचार न करता थेट मागच्या बाजूला गेलो. डोळे भरून आले होते. आपणही गुलामगिरी भोगलेल्या देशाचे, त्यातही पोर्तुगीज अमलाखालील गोव्याचे, तेव्हा आपली जागा या पीडितांच्या सोबतच, असे माझ्या पावलांनी परस्पर ठरवून टाकले होते. मला कोणी विचारले नव्हते आणि मीही स्वतःला विचारले नव्हते.

ही भावना अगदीच निराधार होती असे नाही. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया यांनी जी सभा घेतली, ती मूलतः नागरी स्वातंत्र्यासाठीच होती. सभा भरवायची तर परवाना, काही छापायचे तर आधी सेन्सॉरची मान्यता, अशा राजवटीत आपल्या वडीलधाऱ्यांची हयात गेली. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. याच लोहियांना पुढे मे १९६४ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, जॅक्सन शहरी, एका उपाहारगृहाने वर्णामुळे प्रवेश नाकारला. दुसऱ्या दिवशी ते आगाऊ कळवून पुन्हा त्याच दारात गेले आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. मडगावच्या मैदानावर उभा राहिलेला मनुष्य मिसिसिपीतील दारातही तसाच उभा राहिला, ही गोष्ट गोमंतकीयांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे.

मीही परतल्यावर ती अभिमानाने सांगत असे. सांगताना १९५५ या सालाचा योगायोगही बोलून दाखवीत असे. त्या वर्षी डिसेंबरात माँटगोमेरीचा बहिष्कार सुरू झाला, आणि त्याआधी साडेतीन महिने, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, आमच्या पेडणे महालाच्या सीमेवर पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदरादेवी राय हाती तिरंगा घेऊन पुढे झाल्या व जखमी झाल्या. पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल यांनी तेथे छातीवर गोळी झेलली आणि ते हुतात्मा झाले. पत्रादेवीच्या स्मारकाशी आमच्या पिढीचे नाते जिव्हाळ्याचे आहे. शाळेत असताना आम्ही तेथे रांगेने जाऊन फुले वाहिली आहेत. सेवेत असताना शासकीय कार्यक्रमांच्या निमित्ताने मी तेथे कित्येकदा उभा राहिलो आहे. प्रत्येक वेळी मान ताठ झाली आहे.

या योगायोगातील तिसरी गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही, कारण ती माझ्या ध्यानातच आली नव्हती. वास्तविक महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या माणसाच्या ती ध्यानात यायला हवी होती. त्याच १९५५ साली भारताच्या संसदेने अस्पृश्यतेच्या आचरणास शिक्षा ठरविणारा कायदा केला. १९७६ मध्ये त्याचे नाव बदलून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ असे झाले. म्हणजे ज्या शब्दांसाठी मी मेम्फिसपर्यंत गेलो, ते ‘नागरी हक्क’ हे शब्द माझ्याच कचेरीच्या कपाटात, एका कायद्याच्या पुस्तकाच्या पाठीवर छापलेले होते. आपल्या देशाच्या कायद्याने त्या शब्दांचा जो पहिला अर्थ घेतला, तो परकीय सत्तेविरुद्धच्या हक्कांचा नव्हता. देवळात जाण्याचा, विहिरीवर पाणी भरण्याचा, दुकानात आणि खानावळीत शिरण्याचा हक्क, असा तो अर्थ होता. हे हक्क पोर्तुगीजांनी अडविलेले नव्हते. ते आपणच अडविले होते.

ही गोष्ट एकदा लक्षात आल्यावर मेम्फिसच्या बसमधील माझी जागा मला टोचू लागली. आमच्या बसमध्ये मी कोठे बसलो असतो?

वाचकांपैकी बहुतेकांनी रायगडाचे दर्शन घेतले असेल. आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या या भूमीत राहूनही मराठी भाषा आणि शिवरायांचे नाव उराशी जपणाऱ्या घराण्यांना ती तीर्थयात्राच वाटते. मी स्वतः पाच वेळा गेलो आहे. पत्रादेवीहून निघणारा महामार्ग सावंतवाडी, कणकवली, चिपळूण करीत साधारण साडेतीनशे किलोमीटरांवर महाडला पोचतो, आणि तेथून रायगड पंचवीस-एक किलोमीटर. पाचही वेळा आम्ही महाडला चहा घेतला, गाडीत इंधन भरले आणि गडाकडे वळलो. गावाच्या मध्यावर चवदार तळे आहे हे मला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. तेथे काय घडले, हे मी पाठ्यपुस्तकात वाचले होते आणि परीक्षेत लिहिलेही होते. परंतु आपण तेथे जावे, असे पाचपैकी एकाही वेळी मनात आले नाही. गाडीतील दुसऱ्या कोणाच्याही मनात आले नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मी मुद्दाम महाडला गेलो आणि या खेपेस रायगडाकडे वळलो नाही.

तेथील इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तपशिलावाचून पुढचा विचार अधांतरी राहील. मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले झाले. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला. ज्या पाण्यावर गुरे येत, अन्य धर्मांची माणसे येत, त्या पाण्यावर अस्पृश्य मानलेल्या हिंदूला जाण्याची छाती होत नव्हती. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, आणि दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकर हजारोंची मिरवणूक घेऊन शिस्तीने तळ्यावर गेले. त्यांनी ओंजळभर पाणी प्यायले. इतरांनीही प्यायले. एवढेच घडले. त्यानंतर हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हाकाटी उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली. पुढे १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून, मंत्रघोषात ते पुन्हा तळ्यात ओतून तळ्याची शुद्धी करण्यात आली. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

आज तळ्याच्या मध्ये डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे आणि गावात त्यांचे राष्ट्रीय स्मारक आहे. मी गेलो तो दिवस कामकाजाचा होता, गर्दी नव्हती. विदर्भातून आलेले एक कुटुंब पायऱ्यांवर बसले होते. त्यांतील वृद्ध आजोबांनी पायऱ्या उतरून पाण्याला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि नातवालाही तसेच करायला सांगितले. मीही खाली उतरलो, वाकलो, आणि थांबलो. मेम्फिसच्या बसमध्ये ज्या सहजतेने मी मागच्या बाकाकडे गेलो होतो, ती सहजता येथे नव्हती. या पाण्याला हात लावण्यास मला किंवा माझ्या पूर्वजांना कोणी कधी मनाई केली नव्हती. त्या आजोबांच्या हाताला जो अर्थ होता, तो माझ्या हाताला येणे शक्य नव्हते. मी हात न लावता वर आलो आणि पायरीवर बसलो. तेव्हा मला आमच्या घरची करवंटी आठवली.

आमच्या घराच्या मागील दारी, गोठ्याच्या वळचणीला, वाशाच्या बेचक्यात एक करवंटी अडकविलेली असे. वाड्यावरून एक बाई बांबूची सुपे, रोवळ्या आणि टोपल्या घेऊन येत असत. हा काळ साधारण १९६७-६८ चा, म्हणजे गोवा मुक्त होऊन सहा-सात वर्षे झाली होती. संविधान आमच्या अंगणापर्यंत पोचले होते असे म्हणायला हरकत नाही. त्या बाई अंगणाच्या कडेला बसत. आजी त्यांच्याशी घासाघीस करी, घरच्यांची ख्यालीखुशाली विचारी आणि चहा देई. त्या स्वतः उठून वळचणीची करवंटी काढीत, पुढे धरीत, आणि आजी वरून चहा ओती. चहा संपला की त्या करवंटी विसळून पुन्हा बेचक्यात ठेवीत. आजीने त्यांना कधी वावगा शब्द बोललेला मला आठवत नाही. सणासुदीला सूपभर तांदूळ आणि नारळ दिल्याशिवाय ती त्यांना पाठवीत नसे. त्या बाई वयाने आजीएवढ्याच होत्या, आणि आठ वर्षांचा मी त्यांना नावाने व एकेरीत हाक मारीत असे. येथे ‘त्या’ असे आदरार्थी लिहिताना लेखणी क्षणभर अडखळते, ती त्या सवयीमुळे. मोठ्या माणसांना नावाने हाक मारायची नाही, हा संस्कार आमच्या घरी कडक होता. हा अपवाद मला कोणी शिकविला नव्हता. तो मी उचलला होता.

पुढची घटना १९९४ च्या सुमाराची. मी तेव्हा एका कचेरीत जबाबदारीच्या पदावर होतो. एक तरुण कागदपत्रांसाठी आला. गावाचे नाव ऐकून चौकशी केली, तेव्हा तो त्या बाईंचा नातू असल्याचे कळले. त्या निवर्तल्या होत्या. मी त्याला खुर्ची दिली आणि चहा मागविला. चहा अर्थातच कपबशीतून आला. त्याने कप हाती घेतला आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, आजी सांगायची, तुमच्या घरचा चहा चांगला असायचा.”

त्याच्या आवाजात उपरोध होता की नव्हता, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. त्या वेळी मी हसलो, काहीतरी गुळमुळीत बोललो आणि त्याचे कागद तत्परतेने पुरे करून दिले. नियमाप्रमाणे जे व्हायचे ते झाले. पण त्या वाक्याला उत्तर देणे हे माझे काम होते, आणि ते मी केले नाही. महाडच्या पायरीवर बसून मी त्या न दिलेल्या उत्तराचा हिशोब करीत होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जे आपण केले नाही, आपल्या जन्माआधीपासून चालत आले, त्याचे उत्तरदायित्व आपल्यावर येते काय? आमच्या मित्रमंडळात हा विषय मी काढला तेव्हा तीन आक्षेप आले. तिन्ही प्रामाणिक होते आणि तिन्ही एके काळी माझेही होते.

पहिला आक्षेप असा, की ती त्या काळाची रीत होती, आजच्या मापाने कालच्या माणसांना मोजू नये. हे मला पटत असे. पण महाडचा इतिहास नीट वाचल्यावर पटेनासे झाले. त्या काळी महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते. ते सवर्ण होते आणि सत्याग्रहींच्या बाजूने उभे राहिले. अनंतराव चित्रे परिषदेच्या तयारीत अग्रभागी होते. मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. याच काळात, याच कोकणात, याच भाषेत वाढलेली ही माणसे होती. त्यांहूनही मागे जायचे तर १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचरणी लोकांना अर्पण केली. अमेरिकेतील गुलाम आणि आपल्या गावकुसाबाहेरची माणसे यांचे नाते मराठी मनुष्याला दीडशे वर्षांपूर्वी दिसले होते. तेव्हा ‘काळाची रीत’ ही एकच वाट नव्हती. दुसरी वाटही होती आणि ती दिसत होती. आपल्या वडीलधाऱ्यांनी ती घेतली नाही, एवढे कबूल करण्याने त्यांचा अपमान होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आपले पूर्वज प्रेमळ होते, कोणाला उपाशी पाठवीत नव्हते. हेही खरे आहे. माझी आजी खरोखरच प्रेमळ होती. पण करवंटी त्या प्रेमाच्या आड येत नव्हती, आणि प्रेम करवंटीच्या आड येत नव्हते, हेच तर या गोष्टीतले सर्वांत भयंकर आहे. दुष्ट माणसाने केलेला अन्याय ओळखता येतो. चांगल्या माणसाच्या हातून, सणाच्या दिवशी, हसतमुखाने होणारा अन्याय ओळखायला दुसऱ्या पिढीचे डोळे लागतात. डॉ. किंग १९५९ साली भारतात आले असताना केरळातील एका शाळेत त्यांची ओळख ‘अमेरिकेतील अस्पृश्य’ अशी करून देण्यात आली. प्रथम त्यांना धक्का बसला, थोडा रागही आला. नंतर विचार करता त्यांना ते पटले, आणि पुढे १९६५ मध्ये त्यांनी आपल्या प्रवचनातून ही हकीकत स्वतःच सांगितली. स्वतःला लागू पडणारा कडू शब्द स्वीकारायला त्यांना थोडा वेळ लागला. आपल्याला लागू पडणारा शब्द तर याहूनही कडू आहे. तेव्हा आपल्याला वेळ लागला तर नवल नाही. पण तो कधीतरी स्वीकारावा लागेल.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. आता सारे मिटले आहे, जुन्या जखमा कशाला उकरता? कायदा आहे, शिक्षण आहे, आरक्षण आहे. गोव्याच्या चाळीस मतदारसंघांपैकी अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला एकमेव मतदारसंघ आपलाच, पेडणे आहे. आणखी काय हवे? यावर माझे म्हणणे एवढेच, की जखम मिटली की नाही हे ज्याची जखम आहे त्याने सांगावयाचे असते. आणि ‘जुने विसरा’ हा सल्ला आपण पत्रादेवीच्या बाबतीत कोणाला देत नाही. तेथे दरवर्षी फुले वाहतो. जुने आठवणे जर चांगले असेल तर ते सर्वांसाठी चांगले आहे.

तिन्ही आक्षेपांना अशी उत्तरे देऊनही मूळ प्रश्न उरतोच. मी अपराधी आहे काय? आठ वर्षांच्या मुलाला अपराधी ठरविणे अतिरेकाचे होईल, आणि छाती पिटून घेण्यातही एक प्रकारची प्रौढी असते. मग माझ्यावर नेमके काय येते? याचे उत्तर मला धर्मशास्त्रात किंवा तत्त्वज्ञानात सापडले नाही. ते सापडले आपल्या गोव्याच्या वारसा कायद्यात.

गोव्यात मनुष्य मरण पावला की त्याच्या मालमत्तेची ‘इन्व्हेंटरी’ होते, हे आपण सर्व जाणतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली ही पद्धत गोव्याच्या वारसाविषयक नव्या कायद्यानेही कायम ठेवली आहे. या यादीचे मर्म असे, की तीत केवळ घर, भाटे, बागायत, दागदागिने नोंदवून चालत नाही. मृताचे देणेही नोंदवावे लागते. आधी देणे, मग वाटणी. मालमत्ता मला आणि देणे दुसऱ्याला, असे म्हणण्याची सोय वारसदाराला नाही. त्याच वेळी त्या कायद्यात एक शहाणपण आहे: वारसदाराची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. तो मृताच्या जागी तुरुंगात जात नाही. त्याने काय घेतले, एवढ्याचाच हिशोब त्याला द्यावा लागतो.

मला वाटते, स्मृतीचा वारसाही असाच आहे. आजीचा अपराध माझा होत नाही. परंतु आजीकडून मी जे घेतले, ते घर, ती ऐट, नावाने हाक मारण्याची ती सहज मुभा, ‘चांगले घराणे’ ही ओळख, त्यापुरते देणे माझ्याकडे येते. शिवरायांचा रायगड आपला, पत्रादेवीचे हौतात्म्य आपले, मराठी शाळा टिकविण्याची धडपड आपली, असे म्हणून आपण जमेची बाजू आनंदाने घेतो. कर्नैलसिंग तर पंजाबचे होते, तरीही त्यांच्या बलिदानावर आपण हक्क सांगतो. मग आपल्याच मागील दारची करवंटी परकी कशी? १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांनी आपले काय गेले, याची यादी प्रत्येक जुन्या घराण्याला तोंडपाठ आहे. आपल्याकडे काय येणे आहे ते आपण विसरलेलो नाही. विसरलो आहोत ते देणे.

हे देणे फेडावे कसे? पैशाने नाही. शासनाने जे करावयाचे ते कायद्याने केले आहे आणि पुढेही करील. पण एक गोष्ट शासन करू शकत नाही. आमच्या मागील दारी काय होत असे, हे त्याच्या कोणत्याही दप्तरात नाही. ते माझ्या पिढीच्या आठवणीत आहे आणि आमच्याबरोबर जाईल. ज्यांनी सोसले त्यांची साक्ष अनेकांनी लिहून ठेविली आहे, मराठीत तर ती फार समर्थपणे लिहिली गेली आहे. ज्यांच्या घरात हे घडले त्यांची साक्ष मात्र फारशी लिहिली गेलेली नाही. ती देणे, हे मला माझे देणे वाटते.

आणि येथेच आमच्या घरातील अडचण उभी राहिली. गेली काही वर्षे आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार होत आहे. पूर्वज कोठून आले, कोणत्या गावी स्थायिक झाले, देवळाच्या महाजनपणात कोण होते, मुक्तिलढ्यात कोणी काय केले, असा तो मजकूर आहे. संपादनाचे काम माझ्याकडे आहे. मी करवंटीवर एक पान लिहिले आणि भाऊबंदांसमोर ठेविले. वादळ झाले. एक काका म्हणाले, “पुढच्या पिढीच्या हाती हे द्यायचे? सुना काय म्हणतील?” वहिनींनी डोळ्यांना पदर लावून विचारले, “भावजी, आजींनी तुमचे एवढे केले, त्याचे हेच का?” त्या प्रश्नाचे मला खरोखर वाईट वाटले. पण आजीची भलाई आणि आजीची करवंटी ही दोन्ही एकाच पानावर असतील तरच आजी खरी वाटेल, नाहीतर ती फोटोतील आजी होईल, असे मी त्यांना सांगितले. शेवटी असे ठरले, की ज्यांचा उल्लेख आहे त्यांच्या घरच्यांची संमती असेल तर पान ठेवावे.

ही अट मला न्याय्य वाटली. तीस वर्षांनी मी त्या तरुणाकडे गेलो. आता तो पन्नाशीचा आहे, माध्यमिक शाळेत शिकवितो. त्याच्या ओसरीवर बसून मी ते पान वाचून दाखविले, आणि कचेरीत जे बोलायला हवे होते ते बोललो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “लिहा, साहेब. पण आजीला बिचारी करून लिहू नका. ती सुपे कशी विणायची ते तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही. तिच्या सुपातून तांदळाचा कण गळत नसे. तेही लिहा. आणि तिचे नाव लिहा, पण पुढे ‘बाई’ लावून.”

मी ते पान पुन्हा लिहिले आहे. त्यात सुपाची वीण आहे, आजीचा चहा आहे, वळचणीची करवंटी आहे, आणि एका वृद्ध स्त्रीचे पूर्ण नाव आहे, आदराने लिहिलेले. घराण्याच्या बाहेर ते नाव छापण्याची परवानगी मी मागितलेली नाही, म्हणून येथे ते दिले नाही. दोघा भाऊबंदांनी या पानामुळे आपली वर्गणी परत मागितली आहे. ती मी परत केली. कुलवृत्तांत थोडा उशिरा निघेल, पण त्याच्या यादीत देण्याची बाजू कोरी असणार नाही.